पंचमीला गेलतीस का?

संस्थेत मी खरेदी बघतो. साठ मुलींच्या वसतिगृहासाठी तांदूळ, साबण, गाद्या, वह्या आणि दर महिन्याला कुठे नाहीशा होतात ते कुणालाच न कळणाऱ्या बादल्या आणणं, हे माझं काम. ते मी नाटकासारखं करतो. एका दुकानात मी गरीब संस्थेचा हवालदिल कारकून असतो, दुसऱ्यात पहिल्या दुकानाचा भाव सांगून छळणारा खवचट गिऱ्हाईक. तरुणपणी गणपतीपुढच्या नाटकांत राक्षस करायचो. मिशा गेल्या, आवाज शिल्लक आहे.

वसतिगृह कळंब्याच्या पुढे. मुली ऊसतोड मजुरांच्या. हंगामात आईबाप उसाच्या फडावर जातात आणि मुली आमच्याकडे राहतात, म्हणजे त्यांची शाळा बुडत नाही. त्यामुळे मजुरांची दैना या जिल्ह्यात आमच्याइतकी कुणाला कळत नाही, अशी आमची पक्की समजूत होती.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका देणगीदाराकडून भलामोठा फॉर्म आला. तुम्ही ज्यांच्याकडून माल घेता, तिथे कुणाला डांबून, धमकावून किंवा कागदपत्रं अडकवून कामाला ठेवलेलं नाही, याची खात्री तुम्ही केली आहे काय? केली असल्यास कशी? मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आमचे सर्व पुरवठादार घरच्यासारखे आहेत.’ आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आमच्या अध्यक्ष बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “घरच्यासारखे म्हणजे काय हो? जाऊन बघितलंत?”

“आजच जातो,” मी म्हणालो. पहिला नंबर लावला गुऱ्हाळाचा. वसतिगृहाला वर्षभर लागणारा गूळ आणि देणगीदारांना दिवाळीत पाठवायच्या डब्यांतला गूळ आम्ही नदीपलीकडच्या एका गुऱ्हाळातून घेतो. मालक दिलदार माणूस.

आता माझी चूक सांगतो. मी आधी फोन केला. आपल्याकडे न सांगता कुणाच्या दारात जायचं म्हणजे त्याची फजिती करायची, नाही का? मी म्हणालो, “जरा तपासणीला येतोय, मजूरबिजूर बघायचेत.” पलीकडून आवाज आला, “या की पावणं! जेवायलाच या!”

गेलो. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय सोडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. मला तीन ग्लास पाजले. मग मटण, तांबडा, पांढरा, पुन्हा पांढरा. वर हातावर गरम काकवी. गुऱ्हाळ झाडून लख्ख, मजूर एका ओळीत उभे, शेजारी त्यांना घेऊन आलेला मुकादम. मी ढेकर आवरत विचारलं, “काय मंडळी, सगळं बरं हाय न्हवं?”

“व्हय!” सगळे एकदम म्हणाले.

मी आयुष्यभर नाटकं केली. तालीम झालेला कोरस मला अंधारात ओळखू यायला हवा. पण पोटात पांढरा रस्सा असला की कान बंद होतात. मी पँटचा पट्टा एक भोक सैल केला आणि समाधानानं परत आलो.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशी भाकरी थापत होत्या. आमच्या मावशी नेसरीकडच्या. नवऱ्याबरोबर कितीतरी हंगाम ऊस तोडला, मग इथे स्वयंपाकाला लागल्या. माहेर सीमेवरचं, त्यामुळे कानडी तोंडात खेळतं. मी त्यांना सगळा दौरा साभिनय करून दाखवला. मालकाचा आग्रह, मुकादमाचं अदबीनं वाकणं, कोरस, सगळं. मावशींनी भाकरी उलटली आणि विचारलं, “बायका काय म्हणाल्या?”

“बायका?”

“हुत्या का न्हाय?”

“होत्या की. एक चुलवाणापाशी जाळ घालत होती.”

“ती काय म्हणाली?”

“ती... पाठमोरी होती.”

मावशींनी दुसरी भाकरी थापायला घेतली. ती थापत म्हणाल्या, “उद्या मला घेऊन चला. काकवी आणायची हाय म्हणून. आन् फोन करायचा न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटरवर मागे मावशी, त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा. गुऱ्हाळ दिसायला लागल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टोचलं. “तुमी मुकादमाला धरा. तुमास्नी बोलायला लई आवडतंय. आज बोला.”

अशी भूमिका मला कुठल्या दिग्दर्शकानं दिली नव्हती. मालक शेतावर गेला होता. मुकादम रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, म्हणजे काहिलीपाशी उभा. मी त्याला गाठलं आणि म्हणालो, मला गूळ शिकायचाय. पाक झाला हे कसं ओळखायचं? तो म्हणाला, थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळली की उतरवायचं. मी म्हणालो, दाखवा. त्यानं दाखवलं. मी म्हणालो, आमचे आजोबा नुसत्या वासावर सांगायचे. तो म्हणाला, शक्यच न्हाय. मी म्हणालो, पैज लावतो. मी डोळे मिटून काहिलीवर वाकलो, मिशी भाजून घेतली नाही एवढंच, कारण मिशी नव्हती. आजूबाजूचे मजूर हसायला लागले. मुकादमही हसला. अर्धा-पाऊण तास मी त्याला हलू दिलं नाही.

आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून चुलवाणाकडे बघत होतो. काहिलीखालच्या त्या मोठ्या चुलीच्या तोंडाशी ती बाई बसली होती, चाळिशी ओलांडलेली, कपाळ मोकळं, हात कोपरापर्यंत काळे. वाळलेली चिपाडं ती आत सारत होती. मला वाटलं होतं, मावशी तिच्याशी बोलायला लागतील. त्या बोलल्याच नाहीत. पदर खोचला, तिच्या शेजारी बसल्या, चिपाडांची एक मोळी ओढली आणि जाळ घालायला लागल्या. एक मोळी हिची, एक तिची. दोघींचे हात एका लयीत. बऱ्याच वेळानं ओठ हलताना दिसले. पाठमोऱ्या बाईनं तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

परतताना मावशी गप्प. मीही गप्प, आणि माझ्यासाठी हे किती अवघड असतं ते तुम्हाला आता कळलंच असेल. शेवटी एका चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवायला लावली.

“म्या एकच इचारलं तिला,” मावशी म्हणाल्या. “पंचमीला म्हायेरी गेलतीस का?”

“मग?”

“ती म्हणाली, कंच्या पंचमीला? ह्या सालच्या का गेल्या सालच्या?”

मला काही समजलं नाही. मावशींनी मला, शाळेच्या शेवटच्या बाकावरच्या पोराला समजवावं तसं समजावलं. गुऱ्हाळं पावसाआधी बंद होतात. टोळ्या घरी जातात. नागपंचमी येते श्रावणात, तेव्हा तिकडच्या सीमेवरच्या बाया माहेरी जातातच, झोका खेळायला, पाय मोकळे करायला. गुऱ्हाळावरची बाई पंचमीला इथंच होती, याचा अर्थ चूल विझल्यावरही तिला कुणी जाऊ दिलं नाही. एक पंचमी चुकली तर आजारपण म्हणता येईल. दोन चुकल्या.

हळूहळू मावशींनी बाकीचं सांगितलं. बाई विधवा. घरातून निघताना मुकादमाकडून थोडी उचल घेतली होती. आल्याच दिवशी मुकादमानं सगळ्यांची आधार कार्डं घेऊन ठेवली, हरवतील म्हणून. पावसाळ्यात तिला त्यानं आपल्या शेतात तण काढायला, भांगलायला लावलं. फोन नाही. आणि दिवाळीनंतर गावाकडचा एकजण टोळीत आला, त्यानं निरोप आणला होता. तिची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी आली होती. माहेराला कुलूप होतं. शेजारणीनं ते उघडून दिलं, शेजारीणच भाकरी देते. आता दिवस भरत आले होते.

“तिला इचारलं, तुला काय पायजे?” मावशी म्हणाल्या. “तर म्हणती, पोरीचं बाळंतपण तेवढं करून येते, मग परत मला इथंच ठिवू द्या त्यास्नी. असं म्हणती.”

मी चहाचा ग्लास हातात धरून बसलो होतो. देणगीदाराच्या फॉर्मवर हे सगळं विचारलं होतं, शुद्ध भाषेत, क्रमांक घालून. त्यातला एकही प्रश्न त्या बाईला कळला नसता. मावशींचा कळला. मला राहून राहून नवल वाटत होतं ते याचं.

संध्याकाळी अध्यक्ष बाईंच्या घरी गेलो. त्या संतापून उभ्याच राहिल्या. “ऑर्डर रद्द. आत्ता फोन करा. त्या गुळाचा एक खडा आपल्या मुलींच्या पानात नको.”

“मग आपला गूळ चांगला हुईल,” मावशी म्हणाल्या. “तिचं काय? तुमचा फोन झाला की मुकादम टोळी उचलून न्हील कुठंतरी. मग मी तिला कुठं हुडकू?”

बाईंनी तीस वर्षं शाळा चालवली. त्यांना मध्ये तोडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या खाली बसल्या. वही काढली, पेनाचं टोपण काढलं. “सांगा मावशी. मी लिहिते.”

मावशी सांगत गेल्या, बाई लिहीत गेल्या. ती वही पुढे आमच्या संस्थेची नियमावली झाली. आज ती टाईप होऊन फायलीत आहे, पण भाषा मावशींचीच. माल घेतो तिथं न सांगता जायचं. बाईमाणसाशी बाईनं बोलायचं, मुकादम नसताना. ज्याची त्याची कागदं ज्याच्या त्याच्या पिशवीत आहेत का, ते बघायचं. सणाला कोण कुठं होतं ते विचारायचं. काही वावगं दिसलं तर पहिल्यांदा त्या माणसाला विचारायचं, तुला काय पाहिजे, आणि पळ काढायचा नाही.

“आणि जेवायचं न्हाय,” मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या.

“पाणी?”

“पाणी प्या.”

“रस?”

“न्हाय.”

बाईंनी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तहसील कचेरीत अर्ज दिला. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी तिथे निघाली की काय कोण जाणे, पण एक अधिकारी आमच्याबरोबर लगेच निघाला. गुऱ्हाळावर पोचलो तर मालक हात पसरून पुढे आला. “आधी बसा! रस घ्या!”

“नको,” बाई म्हणाल्या.

गुऱ्हाळावर रसाला कुणी नको म्हणालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मालकानंही. त्याचा हात तसाच ग्लासापाशी राहिला. अधिकाऱ्यानं येण्याचं कारण सांगितलं. मालक लालबुंद झाला. “म्या ह्यास्नी कधी उपाशी ठिवलं? इचारा! ज्येवण असतंय, चा असतोय, दिवाळीला कापडं दिली!”

“म्हशीला बी तुमी उपाशी ठिवत न्हाय,” मावशी म्हणाल्या.

काहिलीतला पाक रटरटत होता. मग मालकानं मुकादमाला विचारलं, “ह्यांची कागदं कुणाकडं हायत?”

“माझ्याकडंच. हरवत्यात म्हणून. आन् मालक, हिनं उचल घेतलीया...”

अधिकारी मध्येच म्हणाला, उचलीपायी माणसाला अडकवून ठेवता येत नाही, कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुमचा जबाब आता होईलच. मुकादमानं मोटारसायकलची सीट उचलली. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रबर लावलेली कार्डं.

ती मालकानं हातात घेतली, आपण वाटतो म्हणाला. वरचं कार्ड वाचलं आणि मान वर केली. समोर अकरा माणसं उभी. नाव त्याच्या हातात होतं, पण ते त्यातल्या कुणाचं, ते त्याला माहीत नव्हतं. फोटोकडे बघायचा, चेहऱ्यांकडे बघायचा, परत फोटोकडे. दोन वर्षं ह्यांच्या पंगतीला वाढलं होतं त्यानं. तो दिलदार माणूस मी तेव्हा पहिल्यांदा ओशाळलेला बघितला. शेवटी चुलवाणापाशी बसायची ती बाई पुढे आली, त्याच्या हातातल्या गठ्ठ्यातून आपलं कार्ड आपणच शोधलं आणि चोळीत सारलं.

जबाब, सह्या, अंगठे, यात दुपार गेली. मुकादमाचं पुढे काय झालं ती सगळी वेगळी कचेरीची कहाणी आहे. मालकाला बाईंनी सांगितलं, गूळ आम्ही घेऊ, पण वहीतल्या नियमांवर. तो नुसता मान हलवत होता. त्या बाईला परत ठेवायचं की नाही हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तिनं गाठोडं बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आणि मावशींना स्टँडवर सोडायला गेलो. मावशी तिला घरापर्यंत पोचवणार होत्या. त्यांच्या पिशवीत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होते. त्यातला गूळ कुठला, ते मी विचारलं नाही. सीमेकडची गाडी लागली. दोघी खिडकीपाशी बसल्या, मी खाली उभा. गाडी सुटायच्या आधीच कंडक्टर तिकिटं द्यायला लागला.

“दोन हाफ,” तो म्हणाला आणि तिकिटं फाडली.

“हाफ कशाला?” ती बाई एकदम म्हणाली. गेल्या तीन दिवसांत मी तिचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता. “मी काय पोर हाय व्हय? फुल्ल द्या. चोरून जात न्हाय मी.”

गाडीतल्या दोघी-तिघी बायका वळून बघायला लागल्या. कंडक्टर हसला. “अक्का, हुतीस कुठं? बायकास्नी अर्धंच तिकीट असतंय आता!”

तिनं मावशींकडे बघितलं. मावशींनी मान हलवली.

“कधीपासनं?”

कंडक्टर बोटांवर महिने मोजायला लागला, मध्येच थांबला, परत पहिल्यापासून मोजायला लागला. मी खिडकीच्या गजाला धरून त्याची बोटं बघत होतो. साऱ्या जिल्ह्यातल्या बायका इतके दिवस अर्ध्या तिकिटात माहेरी जाऊन येत होत्या, आणि ही बातमी चुलवाणापर्यंत पोचली नव्हती.

कंडक्टरची बोटं संपली नाहीत, पण तिनं ऐकायचं सोडून दिलं होतं.

“गाडी किती वाजता पोचंल?” तिनं विचारलं.

“दोनच्या आत.”

ती उठली, गाठोडं उचललं आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर जाऊन बसली.