माडाखालच्या मुंग्या

आमच्या गडग्यापलीकडचा शेजारी रोज पहाटे एकाच माडाच्या बुंध्याशी लघवी करी आणि मग तिथली माती न्याहाळत उकिडवा बसे. प्रेशरने रक्तवाहिन्या कडक झाल्यात, आता साखरही लागू शकते, असं डॉक्टरांनी बजावल्यापासूनचा हा नेम. लघवीला मुंग्या लागल्या की साखर आली, असं आमच्याकडे मानतात. तब्येत विचारली की तो घाईने म्हणे, "बरो आसंय, बरो आसंय."

एका सकाळी तो बुंध्याशी चुलीतली राख ओतताना दिसला. राखेखाली मुंग्या वळवळत होत्या.

"बापाशीचो पाय साखरेनच कापूचो लागलो," तो म्हणाला. "घरात सांगू नको रे."

"रगत तपासून घेवया," मी म्हटलं. तो राख पसरत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या माडाखाली उभा होता. मी हाक मारण्याआधीच म्हणाला, "बरो आसंय, बरो आसंय."