मामंजींनी निवडलेलं पाणी

सोयरीक बघायला गेलेला माणूस आधी शिवार विचारतो, मुलगा काय करतो ते विचारतो, घरात खाणारी तोंडं किती ते विचारतो. आमचे मामंजी मुलाच्या आईला म्हणायचे, "बाई, जरा खाली बसून उठून दाखवता का?"

एकदा औंढ्याकडच्या एका घरात यावरून चांगलंच बिनसलं. मुलाच्या चुलत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, आपण सोयरीक करायला आलात की विहीण तपासायला? मामंजी रागावले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि पाणी कुठलं पिता एवढंच विचारलं. मुलाच्या आईला खाली टेकताना भिंतीचा आधार लागला होता, ते त्यांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या पाहिलं होतं. परतताना जीपमध्ये ते आपल्या धाकट्या भावाला म्हणाले, "घर चांगलं हाये. पानी वाईट हाये. पोरगी देऊ नको."

लोक त्यांना चक्रम म्हणायचे. बायका तर ते दिसले की पदर सावरून ताठ उभ्या राहायच्या आणि मागून हसायच्या. मी त्यांची सून. मला हसू यायचं नाही. हे खूळ त्यांना कुठून लागलं ते मी रोज घरात बघत होते.

मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठची मुलगी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन सेनगाव तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा आमच्या गल्लीत बोअर असलेलं घर हे एकच. मामंजींना सगळे 'बोअरवाले' म्हणत. ते बोअर त्यांनी आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी घेतलं होतं. पूर्वी गावाचं पाणी ओढ्याकाठच्या विहिरीचं. आत्याबाई डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा घागरी आणायच्या. एका उन्हाळ्यात त्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि हात मोडून घेतला. हात बरा झाला, पण त्यानंतर मामंजींनी त्यांना विहिरीवर जाऊ दिलं नाही. ते स्वतः कावडीने पाणी आणू लागले. भावकी हसायची. शेवटी त्यांनी दुसरी सगळी कामं मागे ठेवून अंगणात बोअर घेतलं. पाणी लागलं तेव्हा पहिला तांब्या त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिला, असं गल्लीतल्या बायका मला कौतुकाने सांगायच्या. कुणी पाणी मागायला आलं तर मामंजी म्हणायचे, "पान्याला न्हाई म्हनू नये." गल्ली आमचंच पाणी प्यायची.

मला मात्र त्या पाण्याचा त्रास झाला. पोटाला नाही, हाताला. तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवा, दाणा दाण्याला चिकटायचा नाही. साबणाला फेस नाही. भांड्यांच्या आतून पांढरा थर धरायचा आणि तो राखेनेही जायचा नाही. पहिल्या महिन्यात मला वाटायचं की मलाच स्वयंपाक येत नाही. आत्याबाई काही न बोलता डाळीत चिमूटभर सोडा टाकायच्या. त्यांची कंबर तेव्हाच धरायला लागली होती. सकाळी अंथरुणातून उठताना त्या आधी कुशीवर वळायच्या, मग हाताच्या कोपरावर, मग भिंतीला धरून. वय झालं, वात आहे, असं सगळेच म्हणत. संध्याकाळी मी निरगुडीच्या पाल्याने शेक द्यायची. त्यांना बरं वाटायचं, किंवा मला बरं वाटावं म्हणून त्या तसं म्हणायच्या.

पाण्यात काहीतरी आहे हे मामंजींना कळत होतं. आधी त्यांनी हिंगोलीच्या बाजारातून स्टीलचा फिल्टर आणला, पांढऱ्या कँडलचा. त्यात गाळ अडकायचा, पण डाळ तशीच. मग काही वर्षांनी शहरातून एक विक्रेता गावात आला. त्याने आमच्या ओट्यावर दोन बाटल्या ठेवल्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत त्याच्या यंत्रातून काढलेलं. दोन्हींत साबणाचा तुकडा टाकून हलवलं. दुसरी बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरली. जमलेल्या बायका बघतच राहिल्या. मामंजींनी मान हलवली नाही. त्यांनी मला दोन चुली पेटवायला सांगितल्या. एकीवर बोअरच्या पाण्यात डाळ, दुसरीवर त्याच्या पाण्यात. विक्रेत्याला तोवर बसवून ठेवलं. एका पातेल्यातली डाळ मऊ होऊन एकजीव झाली, दुसऱ्यातली तशीच कडक. मामंजींनी बोटाने दोन्हीकडचा दाणा दाबून पाहिला आणि म्हणाले, "फेस खोटा असंल. डाळ खोटं बोलत न्हाई."

ती निळी टाकी आमच्या मोरीशेजारी उभी राहिली. दर आठवड्याला तिच्यात मीठ ओतायचं, मग ती पाण्याने धुऊन काढायची. मामंजी ते काम कुणाला करू द्यायचे नाहीत. घर बदलून गेलं. डाळ शिजायची, केस मऊ राहायचे, भांडी चकाकायची. आत्याबाई म्हणायच्या, सून आली तेव्हा नव्हे, आता कुठे घरात लक्ष्मी आली. मीही हसायची. मामंजींचं त्या काळातलं तोंड मला आठवतं. बोअर घेताना राहून गेलेलं काम आता पुरं केलं, असं काहीतरी त्यावर असायचं.

आत्याबाईंचं दुखणं मात्र थांबलं नाही. त्यांना खाली बसता येईना, मग बाजेवरून पाय खाली सोडता येईनात. पाठीला बाक आला. मान वळेना, कुणी हाक मारली तर सगळ्या अंगानिशी वळायच्या. शेवटी आम्ही त्यांना परभणीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. माझा थोरला मुलगा बरोबर होता. डॉक्टरांनी फोटो काढले, ते उजेडावर धरून बराच वेळ पाहिले. मग त्यांनी आत्याबाईंना काही न विचारता माझ्या मुलाला जवळ बोलावलं आणि तोंड उघडायला सांगितलं. त्याच्या दातांवर पिवळट, तपकिरी पट्टे होते. आम्हाला वाटायचं, नीट घासत नाही. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता?

मामंजी पुढे झाले. बोअरचं, पण मशीन बसवलंय, पाणी एकदम हलकं झालंय, डाळसुद्धा शिजते, असं त्यांनी सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज अजून अभिमानाचा होता. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या मशीनने पाण्यातला जडपणा जातो, फ्लोराईड जात नाही, असं त्यांनी समजावलं. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते वर्षानुवर्षं हाडांत साठतं आणि हाडं कडक होतात. पाणी तपासून घ्या म्हणाले, पण माझी खात्री आहे. मामंजींनी एकच विचारलं, आता पाणी बदललं तर हाड मागे येईल का? डॉक्टर म्हणाले, मुलांचं सांभाळा. यांचं जे झालंय ते राहणार.

घरी आल्यावर मामंजी मोरीशेजारी उभे राहून त्या निळ्या टाकीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "पोरी, मी डाळीला इचारलं. हाडाला इचारायला पायजे होतं."

पाणी तपासायला दिलं, त्यातही तेच निघालं. त्या दिवसापासून मामंजींनी गल्लीला पिण्यासाठी पाणी देणं बंद केलं. धुण्याला न्या, जनावरांना न्या, पोटात घालू नका, असं दारोदार जाऊन सांगितलं. काहींना वाटलं, म्हातारा आता पाण्यावरही मालकी दाखवून राहिला. काही जण भांडले. ज्यांच्या घरी कुणाची कंबर धरली होती ते गप्प बसले.

मग ते नवं मशीन शोधू लागले. हिंगोलीच्या दुकानांतून ते एकच प्रश्न घेऊन फिरायचे, यातून फ्लोराईड निघते का? एकाने हिंदीत सांगितलं, सब निकल जाता है चाचा. मामंजींना 'सब' नको होतं. त्यांनी अट घातली की मशीन दुकानातच चालवा, त्यातून निघालेलं पाणी मी तपासून आणतो, मग बोलू. बहुतेकांनी हात झटकले. शेवटी एक जण तयार झाला. मामंजी दोन बाटल्या भरून घेऊन गेले, तपासणीत पाणी खरं उतरलं तेव्हाच ते आरओचं मशीन घरी आलं. ते विजेवर चालायचं आणि वीज कधी येईल त्याचा नेम नव्हता. वीज आली की मामंजी हातातलं काम टाकून घागरी भरायला उठत.

गल्लीत कुणी फिल्टर घ्यायचं म्हटलं की लोक मामंजींना सोबत नेऊ लागले. ते दुकानदाराचं सगळं ऐकून घ्यायचे आणि बाहेर येऊन आपल्या माणसाला सांगायचे, "जिभेला कळत न्हाई, हाडाला कळतंय. तपासून घे."

एवढं सगळं करून ते स्वतः मात्र बोअरचंच पाणी प्यायचे. गोठ्यामागे जनावरांसाठी नळ होता, तिथे तांब्या घेऊन जायचे. मी पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं तेव्हा मामंजी म्हणाले, मशीनचं पाणी गोड लागत नाही. ते खोटं होतं आणि आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

आत्याबाईंच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे. त्या तेव्हा बाजेवरच असायच्या, गुडघे पोटाशी आलेले, कुशीवर. एका दुपारी मामंजी त्यांना पाणी पाजायला बसले, तर त्यांनी पेला हाताने बाजूला केला.

"ते गोठ्यातलं काहून पेता?"

मामंजींनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला पाजलं मी. मला काहून नको?"

"माझं हाड वाकलं ते वाकलं," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या तुमी पडलात तर मला कुशीवर कोन वळवावं? ह्या पोरीनं? दोघांना कुठवर वळवील ती?" मग म्हणाल्या, "तुमी प्याल तेच मी पेईन. आना गोठ्यातलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी दोनदा पाणी घेऊन गेले, ओठ उघडले नाहीत. दिवस कलला तेव्हा मामंजी मशीनच्या पाण्याचा पेला भरून घेऊन आले. बाजेशेजारी बसून अर्धा पेला ते स्वतः प्यायले, आणि उरलेला त्यांनी आत्याबाईंच्या तोंडाला लावला. त्या प्यायल्या. त्यानंतर रोज तसंच चाललं, एकाच पेल्यातून दोघं. गोठ्यामागचा तांब्या मी आत आणून ठेवला.

आत्याबाई एका हिवाळ्यात गेल्या. मामंजींनीच त्यांना सकाळी वळवायला हात लावला, तेव्हा कळलं. भावकी जमली, तिरडी बांधली, आणि त्यांना त्यावर ठेवायची वेळ आली तेव्हा सगळे अडले. त्या सरळ होईनात. पाठ बाकलेली, गुडघे पोटाशी. पाठीवर ठेवलं की गुडघे वर उभे राहायचे. जाणती माणसं म्हणाली, थोडं दाबावं लागेल. दोघांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

मामंजी तोवर ओसरीच्या खांबाला टेकून होते. ते उठून आले आणि त्या दोघांचे हात बाजूला केले.

"दाबू नका," ते म्हणाले. "तिला दुखते."

माझ्या नवऱ्याने आतून गोधडी आणली. ती घडी करून गुडघ्यांखाली आणि पाठीशी लावली, आणि आत्याबाईंना कुशीवरच निजवलं, त्या रोज निजायच्या तशा. आम्ही बायका गल्लीच्या वळणापर्यंतच गेलो. तिथून दिसलं तेवढं मी पाहिलं. रस्ता खडबडीत होता. मामंजी पुढे चालले नाहीत, तिरडीच्या बाजूने चालत होते, आणि जिथे जिथे हिसका बसायचा तिथे हात लांबवून गोधडी धरत होते.