खोट्या गावाचे कंदील

"तो कुनाचा दिवा?"

बोईसरच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर सांज झाली की हा प्रश्न ठरलेला. आमचे वॉचमन मामा समुद्राकाठच्या मुरब्याहून येत. दिसेल त्या उजेडाकडे ते बोट दाखवत आणि मालकाचं नाव सांगितल्याखेरीज आपली सुटका नसे. एकदा त्यांनी शुक्राची चांदणीही विचारली. मी म्हटलं, "सरकारी आहे, मामा."

"सरकारी असल तर जास्त बगा," ते म्हणाले. हसले नाहीत.

अशी एखादी वल्ली तुमच्याही ओळखीत असेल. आम्ही ती करमणूक समजत होतो.

एका संध्याकाळी वीज गेली. सगळं काळंठिक्कर, फक्त लांब बेटेगावच्या बाजूला एकच दिवा. मामांनी माझं मनगट धरलं. मग त्यांनी सगळं सांगितलं.

एकाहत्तरच्या युद्धात इथला किनारा काळोखात ठेवलेला. दोन सरकारी साहेबांनी मामांना गाठलं. गावापासून लांब, ओसाड खडकांपाशी, बोंबील वाळवायच्या बांबूंना मामांनी कंदील टांगायचे. विमानाला वरून वस्ती वाटावी, बॉम्ब पडले तर तिथे पडावेत. घरातही बोलायचं नाही, अशी शपथ घातलेली. मामा रोज तिन्हीसांजेला ते खोटं गाव पेटवत. विमान कधी आलं नाही. धाकट्या भावाची होडी मात्र आली. साऱ्या काळ्या किनाऱ्यावर तेवढेच दिवे, त्याला ते घर वाटलं.

"वल्ह्यांचा आवाज आला. कंदील विजवायला हात गेला व्हता," मामा म्हणाले. "शपत आठवली. तसाच थांबलो."

खडकांवर फळ्या सापडल्या, भाऊ नाही.

त्याची बायको त्याच घरात राहत होती, मामांना रोज जेवायला वाढत होती. तिला सांगायचं होतं, तोंड उघडत नव्हतं. मी विचारलं की म्हणत, होळी झाली की सांगतो. होळ्या येत गेल्या. मला त्यांची फार दया यायची.

मामा न सांगताच गेले. बाराव्याला मी मुरब्याला गेलो. दिवेलागणीला ती भावजय पेटता कंदील घेऊन ओटीवर आली. समुद्राकडच्या त्या दारात मामांनी इतकी वर्षं दिवा लावू दिला नव्हता.

मी काही विचारण्याआधी तीच म्हणाली, "तवा गावात कंदील पेटत नव्हते. पन दादांच्या, तुमच्या मामांच्या, हातांना घासलेटचा वास यायचा. मला तवाच कळलं."

मग कधी बोलला का नाहीत, एवढंच मला विचारता आलं.

"बोलली असती तर ते जेवले नसते."

तिने कंदील खुंटीला टांगला. किनाऱ्यावर माणूस दिसत नव्हतं. तेवढ्यात खालून, पाण्याच्या बाजूने, कुणीतरी विचारलं, "तो कुनाचा दिवा?"

तिने वात थोडी वर केली.

"आमचाच हाय," ती म्हणाली. "या. दोघंबी या."