सुलोचनाबाईंची काळी डबी

जयसिंगरावांना चहात साखर कमी पडली तरी ते पणजोबांपासून सुरुवात करत. आधी घसा साफ, मग मिशीवर बोट, आणि मग, "ऐसा है वहिनी, आमचे पणजोबा सरकारी फौजेत शिलेदार होते." शिलेदार घोड्यावरून उतरेपर्यंत चहा गार झालेला असे. बडा गणपतीच्या त्या गल्लीत ही नक्कल सगळ्यांनाच येई. पण सुलोचनाबाईंसारखी कुणालाच नाही, कारण बाकीचे गंमत म्हणून करत आणि त्या दात खाऊन करत.

सुलोचनाबाईंचे यजमान नंदू आणि धाकटे दीर जयसिंगराव, दोघांचं मिळून टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. नंदू गेले आणि वर्षाच्या आत दिरांनी वाटणी मागितली. दुकानाच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. खुर्च्या वाटल्या, पंखे वाटले, आणि शेवटी टेबलावर नंदूंचा व्होल्ट मोजायचा मीटर उरला.

तो साधा मीटर नव्हता. त्याच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी होती. त्या खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड लुकलुकायचा, आणि एक खास तार तो पकडून मीटरवरचा प्रत्येक आकडा कॉम्प्युटरला सांगायची. बॅटरी लोडला, म्हणजे एखाद्या दिव्या-पंख्याला, लावायची आणि खुशाल दुसरं काम करायचं; तिचा दम कसा कसा उतरला, त्याची रेघ आपोआप निघायची.

जयसिंगरावांनी घसा साफ केला. "मीटर दादाचा, तर तुमचा. तार मी आणली होती, तर माझी. न्याय म्हणजे न्याय."

"भाऊजी, मीटरशिवाय त्या तारेचं तुम्ही काय करणार?"

"वो मैं देख लूँगा."

म्हणजे एकाला खल आणि एकाला बत्ता. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं, तार बाजारात मिळेना. जयसिंगरावांनी ती आपल्या बाजूच्या गणपतीच्या तसबिरीखाली टांगली आणि रोज तिला उदबत्ती ओवाळू लागले. प्लायवुडच्या फटीतून तो धूर सुलोचनाबाईंच्या नाकात जाई. त्यांना ठसका लागला की पलीकडून आवाज येई, "तब्येत सांभाळा वहिनी!"

तारेसकट नवा मीटर त्यांना घेता आला असता. पण नवा घेतला म्हणजे भाऊजी जिंकले, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तशात यमुनाताईंचं बोलावणं आलं. यमुनाताई म्हणजे दोघा भावांची थोरली बहीण. भंवरकुआंजवळ त्यांचं मुलींचं हॉस्टेल, आणि त्यात ओळीने इन्व्हर्टर. ताईंचा आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. "ए, तुम्ही दोघं भांडून राहिले आणि माझ्या पोरी अंधारात बसून राहिल्या! जो बॅटरीची रेघ काढून दाखवेल त्याला सगळं काम. अगले इतवारला या."

जयसिंगराव त्याच संध्याकाळी प्लायवुडच्या पलीकडून अलीकडे आले. "मीटर द्या वहिनी. तार आहेच. काम मी करतो."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा. आमच्या घराण्यात बायका..."

"माझी रेघ मी काढीन."

"बगैर तार के?" ते इतके हसले की समोरचा पानवाला बघायला आला. "नाही निघाली तर मीटर माझा. मंजूर?"

नंदू आजारपणातसुद्धा तो मीटर उशाशी घेऊन झोपत. सुलोचनाबाईंच्या तोंडून तरीही निघून गेलं, "मंजूर."

मग नंदूंच्या शेजारी बसून शिकलेलं सगळं आठवत त्या कामाला लागल्या. आधी जुन्या टीव्हीचा, रिमोट पकडणारा डोळा काढून लावला. तो ढिम्म. त्याला रिमोटची थरथर तेवढी कळे, मीटरची साधी लुकलुक कळेना. मोबाइलचा कॅमेरा खिडकीसमोर धरला तर पडद्यावर जांभळी ठिणगी नाचताना दिसे. म्हणजे मीटर बोलत होता, ऐकणारा बहिरा होता. शेवटी भंगारातला जुना, पोटात गोळी फिरणारा माउस फोडला. त्याच्या आत इन्फ्रारेड ओळखणारे बारीक डोळे असतात. त्यातला एक उपटून नंदूंच्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी होती तिच्या बुडाला बसवला, महारानी रोडवरून आणलेली कॉम्प्युटरला जोडायची पट्टी त्याला डकवली, आणि डबी खिडकीवर टेपने चिकटवली. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा पडला. मीटरच्या लुकलुकीशी कॉम्प्युटरचा वेग जुळवला. मग चिवड्यातून आकडे निवडून निघाले, मीटरवर दिसत होते तेच.

सुलोचनाबाईंनी घसा साफ केला, नसलेल्या मिशीवर बोट फिरवलं आणि भिंतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "ऐसा है भाऊजी!"

पलीकडची उदबत्ती त्या दिवशी विझलीच असावी.

रविवारी हॉस्टेलच्या जिन्याखाली मंडळी जमली. पैजेची बातमी लागलेल्या ताई खुर्चीवर, मीटर बॅटरीला, डबी मीटरला, लॅपटॉप डबीला. जयसिंगराव आले ते हातात भलामोठा हॅलोजन दिवा घेऊन. "लोड माझा. नणंद-भावजयीत घोटाळा नको."

दिवा इन्व्हर्टरला लागला. रेघ निघाली आणि दोन बोटं जाऊन वेडीवाकडी झाली. आकड्यांच्या जागी पुन्हा चिवडा.

"काय गं?" ताई म्हणाल्या.

सुलोचनाबाईंनी टेप दाबला. ठीक झालं. पुन्हा चिवडा. त्यांनी मान वर केली. भाऊजी दिवा हातात धरून त्यांच्या खांद्यावरून वाकले होते, आणि त्यांचं मनगट डबीकडे वळलं की आकडे मरत होते. मनगट वळत होतं, आणि मिशी हसत होती.

"भाऊजी, दिवा लांब धरा."

"का बरं? डबी तर बंद आहे. काळीकुट्ट. ताई, मी आपला उजेड दाखवतोय."

"जेवणाची घंटा होईपर्यंत बघते," ताई म्हणाल्या. "मग मीटर जयसिंगचा."

डबी काढून सुलोचनाबाईंनी मोबाइलचा कॅमेरा तिच्या तोंडाला लावला. डोळ्यांना काळीठिक्कर दिसणारी डबी कॅमेऱ्यात आतून कंदिलासारखी उजळली होती. काळं प्लास्टिक हॅलोजनचा इन्फ्रारेड बिनदिक्कत आत सोडत होतं. आणि भाऊजींनी आयुष्यभर टीव्ही उघडले होते. त्यांना हे ठाऊक नसणार?

त्या स्वयंपाकघरात गेल्या, कणकेचा स्टीलचा डबा रिकामा करून घेऊन आल्या, आणि मीटर डबीसकट त्याखाली पालथा झाकला. कडेच्या फटीत पोळ्यांचा चांदीकागद कोंबला.

"अरे भिया!" जयसिंगराव ओरडले. "झाकला तर आकडा दिसणार कसा?"

"आकडा आपण बघत बसावं लागू नये म्हणूनच तर एवढी खटपट. तुम्ही खुशाल उजेड दाखवा."

रेघ निघाली. सरळ, शहाणी. जयसिंगरावांनी दिवा डब्याच्या उजवीकडून धरला, डावीकडून धरला, अगदी वरून ओवाळला. रेघेने भुवईसुद्धा हलवली नाही. ताईंनी चष्मा लावून पाहिलं. "काम सुलोचनाचं," त्या म्हणाल्या, "आणि मीटरचं नाव पुन्हा काढू नकोस."

घंटा झाली. जयसिंगराव दिवा खाली ठेवायला वाकले.

"थांबा!" सुलोचनाबाई म्हणाल्या. "बॅटरी उतरेपर्यंत हलवू नका. लोड हलला तर पहिल्यापासून करावं लागेल, नाही का भाऊजी? तुम्ही तर जाणकार."

दिवा फरशीवर ठेवला तरी रेघेला काही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण तसं म्हणायचं तर इतका वेळ तो हातात का धरला होता, हेही सांगावं लागलं असतं. जयसिंगराव दिवा धरून तसेच वाकलेले राहिले.

"पहिल्यापासून? छे!" ताई कडाडल्या. "उभा राहा रे."

पानं जिन्यासमोरच वाढली गेली. हॅलोजन तापत गेला. शिलेदारांच्या पणतूच्या कपाळावरचा घाम मिशीत उतरला, मिशीतून हनुवटीवर. त्यांनी हात बदलला. पुन्हा बदलला.

"भोत दमदार बॅटरी हो," सुलोचनाबाई वरणभात कालवत म्हणाल्या. "कुणाच्या दुकानातली, वन्सं?"

"याच्याच."

"तरीच."

"वहिनी," जयसिंगरावांचा आवाज पहिल्यांदाच पणजोबांशिवाय निघाला, "किती राहिलं?"

पडद्यावरची रेघ अजून बरीच वर होती. सुलोचनाबाईंनी पापड मोडला.

"होतच आलं," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉपचं तोंड स्वतःकडे आणखी जरा वळवून घेतलं.