गोलकीपरच्या सहीसाठी: शिरोडा, मालवण, कुणकेश्वर

कोल्हापुरात राहून फुटबॉलचं वेड असणं यात नवल काहीच नाही. लोकांना नवल वाटतं ते मी सह्या गोळा करते याचं, आणि त्याही फुटबॉलच्या कार्डांवर. च्युइंगगमच्या पाकिटातून एकेकाळी देशी खेळाडूंची चकचकीत कार्डं यायची. पुढे फोटो आणि नाव, मागे क्लब आणि खेळायची जागा. कुणाच्या भावाच्या कपाटातून, कुणा रद्दीवाल्याकडून मी ती जमवली आणि मग ज्याचं कार्ड त्यालाच गाठून सही घ्यायचा नाद लागला.

२००९च्या दिवाळीनंतर गोलकीपरांच्या कार्डांपैकी एकच बिनसहीचं उरलं होतं. दत्ताराम. गोव्याच्या क्लबकडून खेळलेला, गाव शिरोडा. आता तो नारळाची बाग बघतो आणि पर्यटकांना दोन खोल्या देतो, असं एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. माझा नवरा नितीन याला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही. "मासं असतील न्हवं तिथं? मग चल की," म्हणाला आणि मोटारसायकल काढली.

आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. आंबोलीच्या घाटात भजी-चहासाठी थांबायचंच, पण गाडी माकडांपासून लांब लावा. आमची केळी गेली. शिरोड्यात खोली त्या वेळी चारशेला मिळाली, दत्तारामच्याच घरी. चांगला उंच माणूस, हाताचे पंजे सुपाएवढे. बायकोने बांगडे तळले होते, सोलकढी होती. नितीन बोलायचाच थांबला.

जेवणं झाल्यावर मी कार्ड आणि मार्कर पुढे केला. चकचकीत कागदावर बॉलपेन चालत नाही, म्हणून असा मार्कर मी नेहमी जवळ ठेवते. दत्तारामने कार्ड हातात घेतलं, बघितलं आणि परत दिलं.

"नाव माझा आसा. पण ह्यो मी नाय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा उतरला होता. मग त्याने सांगितलं. फोटोतला माणूस बाबल, मालवणचा. संघाचा पहिला गोलकीपर तो. दत्ताराम त्याचा बदली खेळाडू. दोघं एकाच खोलीत राहायचे. कार्डवाल्यांनी फोटो काढले तेव्हा बाबल खेळत होता. नंतर त्याचा गुडघा गेला, जागेवर दत्तारामला घेतलं. कार्ड छापणाऱ्यांनी नाव तेवढं बदललं, फोटो तसाच राहिला.

"तेका दाखवूचो धीर जावक नाय माका," तो म्हणाला. "आधी तेची जागा घेतलंय, वर तेच्या तोंडाखाली माझा नाव. कसा दाखवू? बाबल क्लब सोडून गेलो तो मासेमारीच्या बोटीर गेलो. मगे मी कधी तेच्या दारात जावक नाय."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुमी तेका दाखवा. तेना सही केल्यान, तर मी करतंय."

रात्री मला ते जड वाटत राहिलं. सहीसाठी आलेली मी, आणि एका अनोळखी माणसाच्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवायला निघाले होते.

सकाळी आभाळ काळं झालं होतं. वेंगुर्ला, परुळे करत मालवणला निघालो तर वाऱ्याने गाडी ढकलली जाऊ लागली. नोव्हेंबरात कसला पाऊस, म्हणून रेनकोट घरी ठेवून आलो होतो. तुम्ही तसं करू नका. वाटेत एका दुकानातून प्लॅस्टिकचा कागद विकत घेतला आणि दोघांनी तो पांघरला.

बंदरामागच्या गल्लीत बाबलचं घर सापडलं. दारात त्याची बायको सुलभा उभी होती.

"बाबलकाका आहेत का?"

"दर्यात गेलेत," ती म्हणाली. नजर आमच्यावर नव्हतीच. "परवा गेलेत. बाकीच्यो बोटी येवक लागल्यो, आमची नाय."

कार्ड माझ्या पिशवीत होतं. ते बाहेर काढायचं मनातसुद्धा आलं नाही. आम्ही तिच्याबरोबर धक्क्यावर गेलो. एकेक बोट आत यायची, माणसं उतरायची, कुणीतरी धावत पुढे जायचं. सुलभा प्रत्येक बोटीवाल्याला विचारायची. कुणी म्हणे, वर देवगडच्या बाजूला दिसली होती; कुणी म्हणे, दिसलीच नाही. बाबलचा मोबाईल लागत नव्हता.

मी दत्तारामला फोन केला. त्याला कळवायला हवं, एवढंच वाटलं.

"मी येतंय," म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी आम्ही सुलभाच्या घरी परतलो, तेवढ्यात तो एसटीने आला, नखशिखान्त भिजलेला. दारात येऊन थांबला, आत यावं की नाही अशा विचारात.

"वहिनी, मी इलंय."

सुलभाला त्याला ओळखायला क्षणभर लागला. मग आतून टॉवेल आणून त्याच्या हातात दिला. "डोक्या पुसा आधी, भावोजी."

तो संध्याकाळपर्यंत तिच्याबरोबर होता. बंदरावर चौकशी करायचा, परत येऊन सांगायचा, पुन्हा जायचा. नितीन त्याच्या मागे. मी सुलभाजवळ ओट्यावर बसून होते.

दिवेलागणीला फोन वाजला. सुलभाने उचलला, "हां... हां..." म्हणाली, आणि मग एकदम ओरडलीच, "जेवलात काय?"

फोन ठेवून ती उंबऱ्यावर बसली. "देवगडाक आसत. बोट बंदरात घातल्यानी. सगळे बरे आसत."

शेजारणी धावत आल्या. नितीन, ज्याचं इथे कुणीच नव्हतं, तो "आयला! आयला!" म्हणत हसत सुटला. दत्ताराम मागच्या नळावर गेला आणि किती तरी वेळ तोंड धूत राहिला. त्या रात्री पेज आणि सुका बांगडा खाल्ला. मालवणात थाळ्या झकास मिळतात, जरूर खा. पण त्या पेजेसारखं मला अजून कुठे काही लागलेलं नाही.

सुलभा कुणकेश्वराला नारळाचा नवस बोलली होती. बाबल देवगडहून तिथेच येणार होता. सकाळी ती आणि दत्ताराम रिक्षाने निघाले, आम्ही मागून आचरा, मिठबावच्या रस्त्याने. पाऊस ओसरला होता. देवळाच्या पायथ्याशी समुद्र अजून गढूळ होता, पण आता त्याच्याकडे बघवत होतं.

बाबल पायऱ्यांवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. सुलभाने त्याला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "शर्ट कोणाचो घातलात हो?" एवढंच. मग पदराने डोळे टिपले.

नारळ देऊन झाल्यावर दत्तारामनेच माझ्याकडून कार्ड मागून घेतलं आणि बाबलच्या हातात ठेवलं. बाबल बघतच राहिला.

"ह्यो मी!" तो म्हणाला. "माझा कार्ड निघालेला?" मग नाव वाचलं आणि इतका हसला की गुडघा धरून खाली बसला. "मेल्या दत्त्या, तुझ्या नावार माझो फोटो!"

"तुझी जागा घेतलंय मी," दत्ताराम म्हणाला. "म्हणान दाखवूक नाय."

"माझो गुडघो गेलो रे. मगे काय गोल उघडो ठेवतले? तू हुतंस म्हणान बरा झाला."

बाबलने दत्तारामला हाताला धरून शेजारी बसवलं.

सही करायला बाबलला सराव नव्हता. फोटोतल्या जर्सीच्या छातीवर त्याने जपून 'बाबल' लिहिलं. दत्तारामने खाली, छापलेल्या नावाशेजारी. शाई वाळेपर्यंत मी कार्ड तळहातावर धरून उभी होते आणि खांद्यावरचं कसलंतरी ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

परतीला देवगड, नांदगाव, फोंडा घाट, राधानगरी. घाटात पंक्चर झालं, फोनला रेंज नव्हती, आणि घरी पोचायला अंधार झाला. ओल्या पिशव्या उपसताना मी विचार करत होते की या प्रवासातून नेमकं काय आणलं. संग्रहात हे एकच कार्ड दोन सह्यांचं आहे. पण सही घेताना कुणाचं दार वाजवतोय, त्या दारामागे आज काय चाललंय, हे यापूर्वी माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आता येतं.

तेवढ्यात फोन वाजला. मालवणहून, सुलभाचा.

"पोचलात मां गो? केदवापासून फोन लावतंय!"

"पोचलो, वहिनी. पंक्चर झालं होतं."

पलीकडे तिने मोठा श्वास सोडला. मग घरात कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, "पोचली हां ती. चला, आता जेवया."