छपरीतली स्पेनची मॅच

परदेशातला फुटबॉल पाहायचा असेल तर केबल घ्यावीच लागते, असं मला आमच्या करडी गावात टीव्हीचा डबा बसवायला आलेल्या माणसानं ऐकवलं होतं. त्यातही खेळाचे चॅनल वेगळे आणि स्पेनची मॅच म्हटली की आणखी वेगळं काहीतरी. मग त्यानं वायरीतून मान वर काढून विचारलं की या धानाच्या गावात असलं पाहते तरी कोण. मी पाहते, म्हटलं. तो हसला. ते हसणं माझ्या असं डोक्यात गेलं की मी नवऱ्याला तिथल्या तिथं सांगितलं, हा डबा उचलून परत द्या. सासूबाईंच्या सिरियली जुन्या छत्रीवर दिसतच होत्या. माझी मॅच मी फोनवर पाहीन, त्याच्या नाकावर टिच्चून पाहीन.

माझं माहेर कामठीचं. तिथल्या गल्ल्यांत फुटबॉल आईच्या दुधातून येतो म्हणतात, आणि मला तरी ते खरं वाटतं. पोरींना मैदानात कोणी घेत नसे, पण पाहायला कोण अडवणार? स्पेनच्या त्या दोन शहरांचं वैर मी तिथंच शिकले. एक पांढऱ्या जर्सीवाले, दुसरे लाल-निळ्या पट्ट्यांचे. मी पट्टेवाल्यांची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा ट्रंकेत साड्या होत्या आणि डोक्यात हे वैर होतं, आणि सासरी दोन्ही ठेवायला जागा करून घेतली. ॲपचा पास मी माझ्या शिलाईच्या कमाईतून काढते, त्यामुळं त्यावर बोलायची कोणाची टाप नाही.

अडचण होती ती नेटवर्कची. आमच्या घरात रेंज एकाच ठिकाणी पोचते: रांधणीची खोली आणि पुढची छपरी, म्हणजे ओसरी, यांच्या मधल्या भिंतीपाशी. भिंतीच्या अल्याड मी तांदळाच्या कोठीवर फोन टेकवून बसायची. पल्याड छपरीत बाज टाकलेली, आणि त्या बाजेवर आमचे भासरे.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे भासऱ्याशी लहान भावाची बायको बोलत नाही. त्यांच्यासमोर पदर डोक्यावर, त्यांच्या बाजेला हात लावायचा नाही, बरोबरीनं बसायचं तर नावच नाही. ते घरात येताना खाकरतात, मग आपण बाजूला व्हायचं. शहरातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसतात, म्हणतात आताच्या दिवसांत असं कुठं असतं. असतं बाई, आमच्या घरी असतं. माझ्या तिखट तोंडालाही हा एक नियम मोडायचं सुचलं नव्हतं, कारण माणूस साधा होता. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, धानाच्या बांधीत दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी बाजेवर चुपचाप पडायचे.

त्यांना फुटबॉल लागला तो भिंतीतून. माझ्या फोनमधला गलका ऐकून त्यांनी एकदा आपल्या भावाला विचारलं की ही आत काय ऐकून राहिली. नवऱ्यानं त्यांच्या फोनवर तेच लावून दिलं. दोन-तीन मॅचीत गडी पक्का झाला, आणि बाजू कोणती घेतली? पांढऱ्यांची. कारण विचारलं तर नवऱ्याकरवी निरोप आला की घरात एकजण तरी विरुद्ध पाहिजे, नाहीतर मजा कायची. त्या दिवसापासून आमची जुंपली. एकमेकांशी एक अक्षर न बोलता आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. माझा नवरा बिचारा निरोप्या. त्याला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. इकडून मी सांगायची की तुमचा गोलकीपर झोपला होता काय विचारा, आणि तो तिकडं जाऊन सांगायचा, दादा, ती विचारते तुम्ही झोपले होते काय.

नवरा घरी नसला की गोठ्यातली म्हैस कामी यायची. भासरे तिला पेंढी टाकता टाकता मोठ्यानं म्हणायचे की काही लोकांचे पट्टेवाले औंदा लई फुगून राहिले. मी विहिरीवरून त्याच म्हशीला उत्तर द्यायची. आमच्या म्हशीइतकी स्पेनची माहिती अख्ख्या मोहाडी तालुक्यात दुसऱ्या जनावराला नसेल.

एका गोष्टीचा मात्र मला भयंकर राग यायचा. त्यांचा फोन माझ्यापेक्षा थोडा पुढं चालायचा. माझ्याकडं चेंडू अजून मैदानाच्या मधोमध असायचा आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, हाणला! झालं, माझ्या मॅचीची माती. पांढरे गोल करणार हे मला गोल होण्याआधी कळायचं आणि मी दात-ओठ खात तो येईपर्यंत पाहत बसायची. ते गप्प राहिले आणि नुसता हात कपाळावर मारल्याचा आवाज आला, तर समजायचं की आता आपला गोल येतो. असं ते आमचं चाललं होतं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला अशीच मॅच होती. भिंतीपलीकडून जोरात हाणला ऐकू आलं. मी मनाची तयारी करून बसले. आणि माझ्या फोनवर गोल झाला तो पट्टेवाल्यांचा.

आधी मला हसू आलं. म्हटलं, म्हातारपणी पक्ष बदलला काय. मग पुढच्या गोललाही तसंच झालं आणि माझं हसू गेलं. कॉमेंट्री इंग्रजीतली, ती त्यांना समजत नव्हती; लोकांचा गलका ऐकून त्यांना एवढंच कळत होतं की गोल झाला. कोणी केला ते कळत नव्हतं. ज्या माणसाला पांढरी जर्सी आणि लाल-निळी जर्सी यांत फरक दिसत नाही, त्याला बांधीचा बांध दिसत असेल काय, विहिरीचा काठ दिसत असेल काय? मी फोन उलटा ठेवला. मॅच त्या दिवशी माझीही सुटली.

मग मला सगळंच दिसायला लागलं. ते तांब्या उचलण्याआधी बाजेखाली हात फिरवून चाचपत होते. दिवस कलला की शेतातून यायची घाई करत होते. भाजीतला मिरचीचा तुकडा बाजूला काढायचा सोडून दिला होता, निमूट खात होते. मी नवऱ्याला सांगितलं, त्यांचे डोळे दाखवा भंडाऱ्याला नेऊन. त्यानं विचारलं तर भासरे असे भडकले की विचारू नका. म्हणाले, डोळे ठीक हायत, मले कोणी आंधळा करू नका. आपल्या आईला सांगायचं नाही म्हणून भावाला शपथ घातली. नवरा भावाच्या शब्दाबाहेर नाही. विषय तिथंच मिटला, म्हणजे त्यांनी मिटवला, माझ्यापुरता नाही.

फोन त्यांनी आलमारीत ठेवून दिला. निरोप आला की फुटबॉलवरून मन उडालं, पोरखेळ आहे सगळा. मी तो निरोप आणणाऱ्याला म्हटलं, मन उडालेला माणूस मॅचच्या दिवशी सकाळपासून छपरीत येरझारा घालत नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. भांडायला तेवढा एकच माणूस होता मला या गावात. तो कसा सोडू मी?

दिवाळी झाली की आमच्याकडं मंडईचे दिवस येतात. गावोगाव जत्रा भरते, लेकी-जावई, सोयरे-धायरे घरी उतरतात, आकाशपाळणे लागतात, रात्री नाटक होतं. करडीच्या मंडईच्या दिवशीच स्पेनची मॅच आली, ती पण दिवेलागणीनंतर, ऐन पाव्हण्यांच्या जेवणाच्या वेळेला. घर भरलेलं. छपरीत सोयरे बसलेले, आत सासूबाई लाखोरी डाळीचे वडे तळत होत्या. मी वड्यांचं पीठ कालवून दिलं, हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि फोन घेऊन सरळ छपरीत गेले.

भासरे बाजेच्या एका टोकाला बसले होते. मी दुसऱ्या टोकाला बसले.

बाजेची दोरी करकरली तसे ते अंग चोरून बसले, त्यांना वाटलं असेल कोणी पाव्हणा आहे. मला हाक कशी मारायची तेच कळेना. इतक्या वर्षांत त्यांना म्हणायला मला शब्दच दिला नव्हता कोणी. अहो म्हणावं तर ते नवऱ्याचं. शेवटी हाक न मारताच सुरू केलं. शाळेची मराठी माझी लिहितानाची आहे, तिथं ती काय कामाची.

“पांढरे डावीकडून उजवीकडं खेळून राहिले. चेंडू तुमच्या लोकायकडं हाय.”

ते दचकले. खाकरले. सवय होती, मी बाजूला व्हावं म्हणून खाकरायची. मी झाले नाही. तो उंच गडी चेंडू घेऊन निघाला, म्हटलं, आमच्या दोघांना चकवलं, आता मध्ये टाकतो, टाकला, वाया गेला. समोरचा एक सोयरा उठून आत गेला. दुसरा बिडी विझवून गेला. मी सांगत राहिले. मंडईत एवढी माणसं फोन काढून उभी होती की नेटवर्क पार रडकुंडीला आलं होतं. चित्र मधेच थांबायचं, गोल चक्र फिरायचं, तेवढा वेळ मीही थांबायची. असंच एकदा थांबले तर भासऱ्यांचा हात बाजेच्या लाकडावर घट्ट झाला. मान माझ्याकडं न वळवता ते हळूच म्हणाले, “मंग? चेंडू कोणाकडं हाय?”

माझ्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द. आता मी खाकरले आणि पुढं सांगू लागले, कारण चित्र पुन्हा चालू झालं होतं. मग आमचं असं काही लागलं की काय सांगू. कोणी पाडलं, कोणाला पिवळं कार्ड, रेफरी कसा आंधळा आहे. हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी जीभ चावली. ते हसले. मोठ्यानं हसले. त्यांचा तो आवाज ऐकून सासूबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

त्यांनी आधी मला पाहिलं, मग बाज पाहिली. पाव्हण्यांसमोर माझी जी काढायची ती सगळी काढली. लाज कुठं ठेवली, माहेरी हेच शिकवलं काय, उद्या गावात तोंड कसं दाखवायचं. दारात आत्यासासू, तिच्या मागं आणखी दोन-चार जणी. नवरा कुठूनसा आला आणि खांबाला टेकून उभा राहिला, भावाच्या शपथेत अडकलेला. मी उठले नाही. म्हटलं, मॅच सरल्यावर उठीन, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. खरं कारण माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता, म्हणून मी ते गिळलं आणि निर्लज्जासारखी बसून राहिले.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन हिसकला. तो आपल्या मोठ्या लेकाच्या तोंडासमोर धरला, अगदी नाकापाशी.

“घे. पायजेन तं तू आपला पाह. तिच्या तोंडून काहून आयकतं? तुले डोळे नाहीत काय?”

भासऱ्यांनी त्या उजेडाकडं तोंड केलं. मग म्हणाले, “नाही राहिले, माय.”

सासूबाईंनी फोन थोडा डावीकडं नेला. त्यांचे डोळे होते तिथंच राहिले. फोन उजवीकडं नेला. आत तेलात वडे करपत होते, त्याचा वास छपरीभर झाला, पण कोणी हललं नाही. माझ्या सासूबाईंना मी कधी कशापुढं वाकलेलं पाहिलं नव्हतं. त्या खाली बसल्या, जमिनीवर, लेकाच्या पायापाशी, आणि त्याचा गुडघा धरून कधीपासून, कधीपासून एवढंच विचारत राहिल्या. ते म्हणाले, “आता नोको इचारू. मॅच चालू हाय.”

मग त्यांनी मान वळवली, माझ्या बाजूला, अंदाजानं.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. फोन मला परत दिला नाही. दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर उभा केला, मला नीट दिसेल असा. म्हणाल्या, “सांग त्याले.”

मी फोनकडं पाहिलं. आमच्या या सगळ्यात मधे केव्हातरी गोल होऊन गेला होता. पट्टेवाले एकमेकांच्या अंगावर पडत होते. खोटं सांगणं सोपं होतं, आणि त्या छपरीत मला कोणी पकडलंही नसतं.

“गोल झाला,” मी म्हटलं. “तुमच्यावर.”