आमच्या मालिकेतले पेशंट काका

पेशंट काकांइतकं देखणं मरताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. दिग्दर्शकाने हात वर केला की ते स्ट्रेचरवर एकदाच कण्हत, मग हाताची बोटं एकेक करून सैल सोडत, आणि शेवटी मान अशी कलंडायची की चहा घेऊन आलेला माणूससुद्धा किटली खाली ठेवून उभा राहायचा. 'कट' झालं की हेच काका ऑक्सिजनचा मास्क कपाळावर सरकवून म्हणायचे, "चहा द्या ना बाप्पा. मरून मरून घसा सुकला."

आमचं शहर हिंदी मुलखातलं; तिथे भनपुरीतल्या एका बंद गोदामात आम्ही अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांवरची हिंदी मालिका करत होतो. एका लोकल चॅनेलवर ती रोज संध्याकाळी लागायची. संवाद मी लिहायचो. पहिल्याच भागात पाय मोडलेल्या माणसाच्या छातीला मी विजेचा शॉक द्यायला लावला होता, यावरून माझा अभ्यास ओळखावा. अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे शाळेची जुनी व्हॅन होती, वरून पांढरा रंग मारलेली. नीट पाहिलं तर रंगाखाली 'विद्या मंदिर' वाचता यायचं. दर भागाला नवा पेशंट लागे. पण एकदा मास्क चढवला की कुठलाही चेहरा कुणाचाही होतो, हा शोध निर्मात्याला लागला आणि त्याने एकच माणूस कायमचा मागितला. मी आमच्या चौबे कॉलोनीतल्या काकांना नेऊन उभं केलं, म्हणजे आडवं केलं. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून ते रिटायर झाले होते. सेटवरच्या हिंदी पोरांनी त्यांना 'पेशंट अंकल' केलं, आमच्या गल्लीने 'पेशंट काका'. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

"सोपं आहे ना काका? नुसतं झोपायचं," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"लेखकराव, झोपाचंच काम आहे, पण जागं राहून करा लागते," काका म्हणाले. "तुमचं उलटं आहे. तुम्ही लिहिता जागेपणी, पण वाचल्यावर वाटते झोपेत लिहिलं."

मला ते सदैव 'लेखकराव' म्हणत, आणि त्यात आदराचा अंश नसे. एकदा कंपाउंडरच्या भूमिकेतला पोरगा आला नाही म्हणून मीच पांढरा कोट चढवला. काकांच्या डोक्यावर लाल शरबताचं रक्त ओतलं होतं. मीच लिहिलेला अपघात, समोर बाटलीही दिसत होती, तरी मला भोवळ आली. डोळे उघडले तेव्हा मी स्ट्रेचरवर होतो आणि रक्तबंबाळ काका मला वारा घालत होते. "याले घरी पोचवा रे," ते सांगत होते, "मी मेलो तरी चालते, हा पोट्टा खराच जाऊन राहिला."

काकांची एकच अट होती. मालिका लागायच्या आत त्यांना घरी पोचवायचं. त्या वेळी राजा मेला तरी ते थांबत नसत. मला आधी वाटलं, स्वतःला टीव्हीवर बघायची हौस असेल. खरं कारण एकदा घरी सोडायला गेलो तेव्हा दिसलं.

काकांच्या बायकोला, शालूकाकूंना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण डोक्यातली एक भिंत पडली ती पडलीच. टीव्हीत घडतं ते आणि घरात घडतं ते, त्यांना वेगळं करता येईना. बातम्यांत पूर दिसला की पलंगाखालच्या चपला वर ठेवायला सांगत. मालिका बंदही करता येत नव्हती, कारण ती लागली नाही की काकू, "हे कुठं गेले? काहून नाही आले?" म्हणून घर डोक्यावर घेत. म्हणून काका रोज त्यांच्या पलंगावर बसत, त्यांचा डावा हात हातात घेत, आणि पडद्यावर स्वतःला उचलून नेताना दिसलं की तो हात दाबून म्हणत, "इकडं पाह्य, शालू. मी हा इथं आहो." काकू एकदा पडद्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत. मग म्हणत, "हाव. तुम्ही इथंच आहात." काकांचा दिवस त्यावर संपायचा. कुठल्या भागात वाचायचं आणि कुठल्या भागात मरायचं याची काळजी त्यांना नव्हती. हात हातात असला की झालं.

मग एका आठवड्यात क्रिकेटच्या सामन्यासाठी चॅनेलने आमची वेळ बदलली आणि भाग दुपारी दाखवला. सेटवर आम्हाला कुणी कळवलं नाही. त्या भागात काका मरत होते, शेवटी चेहऱ्यावर पांढरी चादर होती. तो भाग घरी लागला तेव्हा काका भनपुरीत स्ट्रेचरवर पडून, विहिरीत पडलेल्या सरपंचाचं काम करत होते.

काकूंची देखभाल करणाऱ्या दुर्गादीदीचा फोन आला. "काका, जल्दी आवव. काकी ह अपन चूरी उतार दिस."

मी स्कूटर काढली. काका मागे बसले, अंगावर सरपंचाचं ओलं धोतर.

काकूंनी डाव्या हाताच्या बांगड्या दातांनी ओढून काढल्या होत्या. कपाळ पुसलेलं होतं. काका दारात उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "कधी निघाले नागपूरहून?"

काकांचा नागपूरचा धाकटा भाऊ वारून बरीच वर्षं झाली होती. दोघे दिसायला सारखे होते म्हणतात. शहाणपणा करायची खोड मला आहेच. मी पुढे झालो, "काकू, अहो हे काकाच आहेत! तो एपिसोड मी लिहिला..." आणि मलाच रडू फुटलं, नाक वाहायला लागलं.

"दुर्गा, याले पाणी दे," काकू म्हणाल्या. "लयच जीव होता याचा ह्यांच्यावर."

काका ओलं धोतर धरून उभेच होते. मग भिंतीजवळची खुर्ची ओढून, पलंगापासून दूर बसले.

"आत्ताच आलो, वहिनी," ते म्हणाले.

त्यानंतर ते घरात दीर म्हणूनच राहिले. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, वाद घालू नका. काका पुढच्या खोलीत झोपू लागले. औषधाचा चमचा स्वतः भरत आणि दुर्गादीदीच्या हाती देत. हात हातात घेणं तर संपलंच. मी माझ्या परीने उपाय केला. मेलेला पेशंट शवागारात उठून बसतो असा भाग लिहिला आणि दिग्दर्शकाच्या पाया पडून तो करवून घेतला. काकूंनी पाहिला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "गेलेल्या माणसाचे जुने भाग लावून राहिले हे लोक. लाज नाही. बंद कर दुर्गा." काका मला बाहेर सोडायला आले. "लेखकराव," ते म्हणाले, "आता मले जिवंत करू नका. तिले पुन्हा त्रास होते."

काकू मात्र दिराशी मोकळ्या बोलत. "तुमचे भाऊ बशीत चहा ओतून फुर्रफुर्र पित," त्या सांगत. "पाहुण्यांसमोर मले मेल्याहून मेल्यासारखं होये. आता घरात कोणी आवाजच करत नाही, भाऊजी." काका शेजारी कपाने, बिनआवाजाचा चहा पीत ऐकत.

"इतकी वर्षं संसार केला," एकदा गोल बाजारातून काकूंसाठी गाऊन घेऊन येताना ते मला म्हणाले, "तोंडावर कधी चांगलं बोलली नाही. आता रोज तारीफ करते. मेल्याशिवाय काही समजत नाही बाप्पा." आणि हसले. त्यांचं ते हसणं मला बघवेना म्हणून मी वाटेतल्या भांड्यांच्या दुकानात पातेल्यांच्या किमती विचारत बसलो.

उन्हाळ्यात एका सकाळी काकू झोपेतच गेल्या. गल्लीतल्या बाया जमल्या. नवरा असताना गेलेली बाई, म्हणून कुणी हिरवं लुगडं आणलं, कुणी कुंकवाचा करंडा. दुर्गादीदी मध्ये उभी राहिली. "काकी तो मना करत रहिस," ती म्हणाली. काकूंनी इतके महिने कपाळाला बोट लावू दिलं नव्हतं. बायांत कुजबुज सुरू झाली. कुणाचं ऐकायचं?

काका खुर्चीवरून उठले. करंडा घेतला आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पलंगावर बसले. त्यांनी काकूंचा डावा हात हातात घेतला. ओठांवर सवयीने 'वहिनी' आलं होतं, ते त्यांनी गिळलेलं मला दिसलं.

"शालू," ते म्हणाले. "मी आहो."

मग कुंकू लावलं. ते थोडं तिरकं लागलं, पण कुणी पुसून नीट करायला पुढे झालं नाही. काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"लेखकराव, थोडा वेळ बाहेर थांबता का सगळे?" ते म्हणाले. "मले रडाचं आहे. दीर होतो तोपर्यंत नीट रडता आलं नाही."